मोठ्या इंकजेट प्रिंटरवर पेपर सेटिंग कसं निवडायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रोल लावला, फाइल उघडली, प्रिंट दाबलं आणि ड्रायव्हर विचारतो मीडिया टाइप कोणता. खाली भलीमोठी यादी आणि तुमच्या खोक्यावर जे नाव आहे ते त्यात कुठेच नाही. मग माणूस काय करतो, जे नाव त्यातल्या त्यात ओळखीचं वाटतं ते निवडतो आणि प्रिंट फिकी आली, काळा रंग डबक्यासारखा साचला, कडेला शाई टाकणारं हेड घासलं की पेपरला नाहीतर प्रिंटरला शिव्या घालतो. खरं तर दोघंही बरे असतात, त्यांना फक्त एकमेकांबद्दल चुकीची माहिती दिलेली असते.

आधी एवढं डोक्यात बसवा की मीडिया टाइप म्हणजे पेपरचं नाव नव्हे, तो सूचनांचा एक गठ्ठा आहे. एक नाव निवडलं की त्यामागे बऱ्याच गोष्टी एकदम ठरतात: जास्तीत जास्त शाई किती टाकायची, काळी शाई कुठली वापरायची, हेड पेपरपासून किती वर ठेवायचं, पेपर खाली ओढून धरायला सक्शन किती, प्रत्येक फेरीला पेपर किती पुढे सरकवायचा, सुकायला किती थांबायचं, कटर कसा चालवायचा. म्हणून यादीत आपल्या पेपरचं नाव नसलं तरी घाबरायचं कारण नाही, आपल्या पेपरसारखं वागणारं नाव शोधायचं.

हे सगळं पाण्यावर आधारित शाईच्या प्रिंटरबद्दल आहे, म्हणजे डाय (विरघळलेल्या रंगाच्या) किंवा पिगमेंट (रंगाच्या बारीक कणांच्या) शाईचे १७, २४, ३६, ४४, ६० इंची प्रिंटर. सॉल्व्हंट, लॅटेक्स, यूव्ही मशिनचं गणित वेगळं, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

## हाताशी काय काय हवं

पेपरच्या खोक्यावरचं लेबल किंवा त्याची डेटाशीट (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, जाडी मिलिमीटरमध्ये किंवा मायक्रॉनमध्ये, ग्लॉसी की मॅट). पेपर कंपनीने तुमच्या नेमक्या प्रिंटर मॉडेलसाठी दिलेली आयसीसी प्रोफाइल (त्या पेपरवर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) आणि तिच्यासोबतची सूचनांची पीडीएफ, ही पीडीएफ लोक डाउनलोडच करत नाहीत आणि सगळं उत्तर नेमकं तिच्यातच असतं. प्रिंटरचा ताजा ड्रायव्हर, कंपनीचाच, ऑपरेटिंग सिस्टिमने आपणहून बसवलेला साधा ड्रायव्हर नको कारण त्यात निम्मे पर्याय दिसतच नाहीत. एक भिंग, एक स्टीलची पट्टी, रोल हाताळायला सुती हातमोजे आणि कॉटन पेपर वापरणार असाल तर मऊ ब्रश. जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटर असेल तर उत्तमच.

आणि काहीही करायच्या आधी नोझल चेक मारा, म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं सगळी चालू आहेत का ते दाखवणारा नमुना छापा. दोन नोझल बंद असताना पेपर सेटिंग शोधत बसणं म्हणजे निव्वळ पेपर जाळणं.

## १. पेपर कुठल्या घराण्यातला आहे ते ओळखा

ढोबळमानाने सहा-सात घराणी आहेत. साधा बॉन्ड, म्हणजे प्लॉटरवर नकाशे काढतात तो, साधारण ७५ ते ९० जीएसएम. कोटेड मॅट, यात पातळ पोस्टर पेपरपासून हेवीवेट कोटेडपर्यंत सगळं आलं. आरसी (रेझिन कोटेड) फोटो पेपर, ज्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि जो ग्लॉसी, लस्टर, सॅटिन अशा नावांनी मिळतो. फाइन आर्ट मॅट, कॉटन किंवा अल्फा सेल्युलोजचा. बरायटा, म्हणजे फायबर बेसवर चमक असलेला. मग कॅनव्हास. आणि शेवटी फिल्मवाली मंडळी: बॅकलिट, पॉलिप्रॉपिलिन, ट्रेसिंग.

इथला पहिला सापळा असा की पेपर इंकजेटसाठी कोट केलेला आहे का हे बघायचं राहून जातं. सॉल्व्हंट मशिनसाठीचा व्हिनाइल किंवा फ्लेक्स पाण्याच्या शाईच्या प्रिंटरमध्ये घातला तर शाई वर थेंब थेंब होऊन बसते, सुकत नाही, बोट लावलं की पुसली जाते, आणि कुठलंही सेटिंग त्याला वाचवू शकत नाही. लेबलवर पाण्याच्या शाईसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुसरा सापळा बाजूचा. रोलमध्ये छपाईची बाजू बहुतेक वेळा बाहेर असते, पण काही रोल उलटेही येतात, आणि सुट्या शीटमध्ये तर मॅट पेपरच्या दोन्ही बाजू डोळ्याला सारख्याच दिसतात. ओलसर बोट आणि अंगठ्याने कोपरा चिमटीत धरा, ज्या बाजूला किंचित चिकटल्यासारखं वाटेल ती कोटिंगची बाजू. उलट्या बाजूवर छापलं तर रंग मेलेले आणि कडा फुटलेल्या येतात आणि माणूस दिवसभर सेटिंग बदलत बसतो.

## २. काळी शाई ठरवा, बाकीचं नंतर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. पिगमेंट प्रिंटरमध्ये बहुधा दोन काळ्या शाया असतात, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. फोटो ब्लॅक चमक असलेल्या पेपरसाठी: ग्लॉसी, लस्टर, सॅटिन, बरायटा. मॅट ब्लॅक मॅट पेपरसाठी: बॉन्ड, कोटेड मॅट, कॉटन, मॅट कॅनव्हास.

मॅट पेपरवर फोटो ब्लॅक गेली तर काळा रंग करडा, धुरकट दिसतो, सावल्यांमधलं सगळं एकमेकांत मिसळून जातं. उलटं केलं, म्हणजे ग्लॉसीवर मॅट ब्लॅक, तर शाई वरच राहते आणि हात लावला की निघून येते. आता गंमत अशी की काळी शाई कुठली हे तुम्ही थेट निवडत नाही, बऱ्याच ड्रायव्हरमध्ये ते मीडिया टाइपवरूनच ठरतं. काही मीडिया टाइपना दोन्ही चालतात, तिथे वेगळा पर्याय दिसतो. म्हणून नाव निवडल्यावर ड्रायव्हरमध्ये शाईचं नाव काय दाखवतोय तिकडे एक नजर टाकाच.

प्रिंटर कुठला आहे हेही बघा. एप्सनच्या स्टायलस प्रो ७९०० आणि ९९०० मध्ये दोन्ही काळ्या शाया हेडमधली एकच वाट वापरतात, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जाताना मधली शाई फेकली जाते आणि वेळही जातो. अशा मशिनवर मॅटची कामं एकत्र, ग्लॉसीची एकत्र असं लावून घ्या. कॅननच्या प्रो-२०००, प्रो-४००० मध्ये किंवा एप्सनच्या पी७५७०, पी९५७० मध्ये दोन्हींना स्वतंत्र नोझल आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

## ३. यादीतलं जवळचं नाव शोधा

पेपर प्रिंटरच्याच कंपनीचा असेल तर नाव यादीत असतं, ते निवडा आणि चौथ्या पायरीवर जा.

पेपर दुसऱ्या कंपनीचा असेल तर ती वर सांगितलेली पीडीएफ उघडा. त्यात सरळ लिहिलेलं असतं की अमुक प्रिंटरवर अमुक मीडिया टाइप ठेवा. बऱ्याचदा नाव विचित्र वाटतं, तुमचा पेपर बरायटा आणि ते म्हणतात प्रीमियम लस्टर ठेवा, किंवा गुळगुळीत कॉटन पेपर आणि सांगतात वॉटरकलर पेपर ठेवा. डोकं न चालवता तेच ठेवा. प्रोफाइल बनवताना त्यांनी त्याच सेटिंगवर रंगाचे चौकोन छापून मोजलेले असतात, तुम्ही सेटिंग बदललं की शाईचं प्रमाण बदललं आणि ती प्रोफाइल तुमच्यासाठी खोटी झाली.

पीडीएफ नाहीच मिळाली तर अंदाज बांधावा लागतो. आधी घराणं जुळवा म्हणजे काळी शाई आपोआप जुळते, मग पेपर शाई किती पिऊ शकतो ते बघा. साधारण चढता क्रम असा धरा: ट्रेसिंग आणि साधा बॉन्ड सगळ्यात कमी, मग पातळ कोटेड, मग जाड कोटेड आणि फाइन आर्ट मॅट. फोटो पेपर शाई बरीच घेतात पण तिथे काळी वेगळी, म्हणून त्यांची तुलना आपसातच करा. दोन नावांमध्ये अडलात तर कमी शाईवाल्या नावापासून सुरुवात करा, कारण फिकी प्रिंट फेकून देता येते पण ओली प्रिंट रोलर आणि प्लेटन (हेडखाली पेपर टेकतो तो पाट) माखून ठेवते आणि मग पुढच्या पाच प्रिंटच्या मागे डाग येत राहतात.

जीएसएम बघून नाव निवडायची सवय मात्र सोडा. २६० जीएसएमचा आरसी लस्टर आणि २६० जीएसएमचा मॅट वजनाला सारखे, बाकी कशातच सारखे नाहीत.

## ४. जाडी, हेडची उंची आणि सक्शन

वजन म्हणजे जाडी नव्हे, हा गोंधळ फार चालतो. कॉटन पेपर फुगीर असतो, ३०८ जीएसएमचा हानेम्युले कंपनीचा फोटो रॅग ०.४८ मिमी भरतो, आणि साधारण तेवढ्याच वजनाचा घट्ट दाबलेला आरसी पेपर त्यापेक्षा बराच पातळ निघतो. म्हणून डेटाशीटवरची जाडी घ्या किंवा मोजा. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये पेपर थिकनेस हा आकडा ०.१ मिमीच्या पटीत असतो, म्हणजे ०.४८ साठी ५ टाकायचे, ४८ नाही. हे एकदा वाचून ठेवा, नंतर उपयोगी पडतं.

हेडची उंची, म्हणजे प्लेटन गॅप, शक्यतो ऑटो किंवा स्टँडर्डवर सुरू करा. पेपरच्या कडा वर उचलल्या जात असतील, प्रिंटवर आडवे काळे ओरखडे येत असतील तर हेड घासतंय असं समजा आणि गॅप एक पायरी वाढवा. भीतीपोटी थेट सगळ्यात वरची पायरी ठेवणारे बरेच असतात, ते चुकीचं आहे, कारण हेड जितकं लांब तितका थेंब हवेत भरकटतो आणि बारीक अक्षरं, पातळ रेषा केसाळ होतात. गॅप बदलल्यावर हेड अलाइनमेंट पुन्हा करणं बरं, दोन्ही दिशांनी छापताना जाता-येतानाचे थेंब नाहीतर एकमेकांवर बसत नाहीत.

आणि गॅप वाढवायच्या आधी पेपर सपाट करा ना! रोलच्या शेवटच्या भागात पेपर घट्ट गुंडाळलेला असतो, तिथे बाक जास्त राहतो. उलट दिशेने हळू गुंडाळून थोडा वेळ ठेवला की बराच उतरतो. खोलीची आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांत असली की कडा कमी उचलल्या जातात, फार कोरड्या हवेत कॉटन पेपर हट्टीपणा करतो. नवीन रोल खोलीत आणल्यावर एक दिवस तसाच राहू द्या.

सक्शनचं सोपं आहे. जाड, बाक असलेल्या पेपरला जास्त, पातळ आणि ट्रेसिंगला कमी. पातळ पेपरवर जास्त सक्शन ठेवलं तर तो प्लेटनला चिकटून बसतो, नीट सरकत नाही आणि पट्टे येतात.

## ५. पॅनेलवर आणि ड्रायव्हरमध्ये एकच नाव

रोल लावताना प्रिंटरच्या पॅनेलवर पेपरचा प्रकार विचारला जातो आणि प्रिंट देताना ड्रायव्हरमध्ये पुन्हा. नवीन माणूस पॅनेलवर नुसतं ओके ओके दाबत जातो, तिथे मागच्या रोलचं नाव तसंच राहतं. मग कुठे प्रिंटर जुळत नाही म्हणून अडून बसतो, कुठे इशारा देऊन तसाच छापतो. दोन्हीकडे तेच नाव ठेवा.

रोलची रुंदी प्रिंटर बहुधा स्वतः मोजतो, पण रोलची कोअर २ इंची की ३ इंची ते बघून योग्य अ‍ॅडॅप्टर तुम्हालाच लावायचाय. काही प्रिंटरमध्ये रोल काढताना त्याच्या टोकावर बारकोड छापायची सोय असते ज्यात पेपरचा प्रकार आणि उरलेली लांबी साठवलेली असते, दोन-तीन रोल अदलाबदल करत असाल तर ती चालू करून टाका, अर्धी डोकेदुखी जाते.

## ६. आयसीसी प्रोफाइल, आणि रंग एकदाच बदलू द्या

प्रोफाइल ही प्रिंटर, शाई, पेपर आणि मीडिया टाइप या चौघांची मिळून असते. यातला एक बदलला की ती लागू होत नाही. फाइलच्या नावात बऱ्याचदा प्रिंटरचं मॉडेल, पेपरचं नाव आणि एमके (मॅट ब्लॅक) किंवा पीके (फोटो ब्लॅक) असं काळ्या शाईचं लघुरूप असतं, दुसऱ्या पायरीशी ते जुळतंय ना बघा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे पडतात ती जागा. फोटोशॉपमध्ये प्रिंट देताना रंग फोटोशॉपने सांभाळायचे असं निवडलं आणि तिथे प्रोफाइल दिली, तर ड्रायव्हरमधलं रंगव्यवस्थापन पूर्ण बंद हवं. एप्सनमध्ये ते ऑफ किंवा नो कलर अ‍ॅडजस्टमेंट, कॅननमध्ये नो कलर करेक्शन, एचपीमध्ये अ‍ॅप्लिकेशन मॅनेज्ड अशा नावांनी दिसतं. दोघांनीही रंग बदलले तर प्रिंटवर गुलाबी-जांभळी झाक येते, चेहरे भाजल्यासारखे दिसतात. आणि दोघांनीही बदलले नाहीत तर रंग मळकट, कोमेजलेले. प्रिंट अशी आली तर मीडिया टाइपला हात लावायच्या आधी हे तपासा.

रेंडरिंग इंटेंट (प्रिंटरला न जमणारे रंग कसे बदलायचे तो पर्याय) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (सावल्यांतला तपशील काळ्यात बुडू नये म्हणून) चालू, इथून सुरुवात करा. खूप भडक रंगांच्या फोटोत तपशील सपाट होत असेल तर परसेप्च्युअल बघा.

नुसते नकाशे किंवा पोस्टर काढायचे असतील तर प्रोफाइलच्या भानगडीत पडायची गरज नाही, ड्रायव्हरचा ऑटो रंग पुरतो.

## ७. क्वालिटी

फाइन आर्ट आणि फोटोसाठी वरून दुसरी पायरी, पोस्टरला मधली, ड्रॉइंगला फास्ट. सगळ्यात वरच्या क्वालिटीला वेळ खूप जातो आणि मॅट पेपरवर तर भिंगाशिवाय फरक दिसत नाही. बारीक रेषा दुहेरी दिसत असतील तर हायस्पीड, म्हणजे दोन्ही दिशांनी छापणं, बंद करून बघा. मीडिया टाइपनुसार क्वालिटीचे पर्याय कमी-जास्त होतात, बॉन्ड निवडलात आणि वरची क्वालिटी दिसेनाशी झाली तर तो बिघाड नाही.

## ८. छोटी टेस्ट प्रिंट, पण वाचता आली पाहिजे

पूर्ण साइज छापू नका. हाताच्या पंजाएवढ्या पट्टीत एवढं ठेवा: भरीव काळा चौकोन, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा करडा उतार, भरीव लाल-निळा-हिरवा, एक चेहरा, काही पातळ रेषा आणि बारीक अक्षरं, काळ्यावर पांढरी अक्षरंही. नीट सुकू द्या, मग खिडकीपाशी नेऊन बघा.

भरीव काळा डबक्यासारखा चमकतोय, पेपर लाटांसारखा झालाय, काळ्यातली पांढरी अक्षरं बुजली: शाई जास्त. कमी शाईचा मीडिया टाइप घ्या किंवा कलर डेन्सिटी थोडी उतरवा.

सगळंच फिकं, काळा करडा: काळी शाई चुकली, बाजू उलटी किंवा शाई कमी, याच क्रमाने तपासा.

रंगात बारीक ठिपकेदार मळकटपणा: पेपर शाई वेळेत शोषत नाहीये. फेरीनंतरचा सुकण्याचा वेळ वाढवा, नाही जमलं तर शाई कमी करा.

करड्या उतारात कुठे हिरवट कुठे लालसर: प्रोफाइल चुकीची किंवा रंग दोनदा बदललेत.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहा काय बदललं ते. चार पट्ट्या झाल्यावर कुठली कशाची हे कुणालाच आठवत नाही.

## ९. पट्टे आले तर

नोझल चेक स्वच्छ आहे आणि तरी आडवे पट्टे दिसतायत, तर पेपर सरकण्याचं माप चुकलंय. पांढऱ्या रेघा दिसल्या तर पेपर जास्त सरकतोय, फीड कमी करा. गडद रेघा दिसल्या तर फेऱ्या एकमेकांवर चढतायत, फीड वाढवा. बदल बारीक करा, ०.१ टक्का म्हणजे मीटरमागे १ मिमी होतो. प्रिंटरमध्ये ऑटो फीड अ‍ॅडजस्टमेंट असेल तर आधी ते चालवा. ट्रेसिंग किंवा पारदर्शक फिल्मवर सेन्सरला छापलेला नमुना वाचता येत नाही, तिथे हातानेच करावं लागतं.

ड्रॉइंग छापणाऱ्यांनी ५०० मिमीची रेघ छापून पट्टीने मोजावी. काही प्रिंटरमध्ये छपाईच्या दर्जाला प्राधान्य की लांबीला असा वेगळा पर्याय असतो, नकाशांसाठी लांबी निवडा.

## १०. कटर आणि सुकणं

कॅनव्हास आणि जाड कॉटनला ऑटो कट बंद ठेवून कात्रीने किंवा सुरीने कापा, पातं लवकर बोथट होतं आणि कापसाचे तंतू हेडकडे जातात. कॉटन पेपर छापायच्या आधी मऊ ब्रश हलका फिरवा, नाहीतर सुटे तंतू नंतर गळून पडतात आणि गडद भागात पांढरे ठिपके उरतात. फ्रेम किंवा लॅमिनेशन एक दिवस सुकल्याशिवाय करू नका. आरसी पेपरची प्रिंट लगेच काचेमागे घातली तर काचेला आतून धुरकट थर येतो.

## ११. जमलेलं सेटिंग साठवा

सगळं जुळलं की कस्टम पेपर म्हणून नवीन नावाने साठवा: मूळ मीडिया टाइप, जाडी, गॅप, सक्शन, सुकण्याचा वेळ, फीड. एप्सनला मीडिया इन्स्टॉलर आणि कॅननला मीडिया कॉन्फिगरेशन टूल आहे, काही पेपर कंपन्या त्यांच्यासाठी तयार फाइल्सही देतात ज्या आत टाकल्या की पेपरचं खरं नावच यादीत आणि पॅनेलवर दिसू लागतं. तुमच्या मॉडेलसाठी अशी फाइल मिळत असेल तर तीच घ्या, तिसरी-चौथी पायरी वाचते. नाव ठेवताना पेपर, जीएसएम आणि काळी शाई तिन्ही लिहा, "टेस्ट नवीन फायनल २" असलं काही नको. तेच नाव रोलच्या खोक्यावर मार्करने टाका, दुसरा कुणी प्रिंटर चालवत असेल तर त्याला विचारायला यावं लागत नाही. पुढचा रोल त्याच पेपरचा आणला तरी एक छोटी पट्टी छापून जुन्या पट्टीशेजारी ठेवून बघा, कधीकधी लॉट बदलला की पेपरचा पांढरेपणा किंवा कोटिंग किंचित हलतं, आणि तेवढ्यासाठी सगळं सेटिंग मोडायची गरज नसते, बहुतेक वेळा फीडच थोडं सरकवावं लागतं.